लॅमिनेशन केलेला समुद्र

आमच्या घरात कागदाला भिजायची परवानगी नाही. फाटायची, चुरगळायची, पिवळं पडायची तर नाहीच नाही. नवा कागद हातात आला की मी तो लॅमिनेशनला नेतो. रेशन कार्ड झालं, लेकीचा जन्मदाखला झाला, गॅसच्या पुस्तकाचं पहिलं पान झालं, कुकरचं गॅरंटी कार्ड झालं. तो कुकर केव्हाच मोडीत गेला, कार्ड अजून कडक आहे. एकदा मी माझा शाळा सोडल्याचा दाखला लॅमिनेट करून एका कचेरीत घेऊन गेलो. तिथल्या बाईंनी त्यावर शिक्का मारला, तर शाई घसरून त्यांच्याच बोटांना लागली. बाईंनी बोटं शांतपणे पुसली आणि म्हणाल्या, "काका, हा आता दाखला नाही राहिला. ह्यात चहाचे कप ठेवा."

बायकोचं म्हणणं असं की ती एका जागी दोन मिनिटं गप्प बसत नाही त्याचं कारण हेच. बसली तर मी तिलाही घेऊन जाईन.

हे सगळं आधी सांगतो, कारण पुढं जे घडलं ते अचानक घडलं असं कुणाला वाटायला नको. त्याची तयारी वीसेक वर्षं चालू होती.

मी सातपूरला एका कारखान्यात मार्किंग करतो. लोखंडाच्या ठोकळ्याला निळा रंग फासायचा, वाळू द्यायचा आणि मग स्क्राइबरनं, म्हणजे पेनासारख्या पोलादी काडीच्या अणकुचीदार टोकानं, त्यावर रेघा ओढायच्या. रंग खरवडला जातो, खालचं लोखंड रेघेपुरतं चकाकतं. त्या रेघेवर पुढचा माणूस कापतो, छिद्रं पाडतो. आता संगणकावर चालणारी मशीनं आली, त्यांना रेघ लागत नाही. त्यामुळं माझ्या वाट्याला जुने, वेडेवाकडे, कुणालाच नको असलेले ठोकळे येतात. मला ते आवडतात. आमचं जमतं.

आमची लेक आठवीत आहे. हुशार आहे, फक्त कुठलीही गोष्ट पुरी करत नाही. कराटे पिवळ्या पट्ट्यापर्यंत, पेटी तिसऱ्या अलंकारापर्यंत, आणि आजीकडून शिकायला घेतलेला मफलर एका वितीपर्यंत. तो मफलर तिनं शेवटी एका बाहुलीला घातला. या सगळ्याचं सामान आमच्या कपाटावर रांगेनं ठेवलेलं आहे. बायको वर्षातून एकदा त्यावरची धूळ झटकते आणि झटकताना माझ्याकडं बघते. कारण मीही कधीकाळी बासरी आणली होती. तीही तिथंच आहे.

गेल्या पावसाळ्यात कॉलनीतल्या विहाराच्या हॉलमध्ये रविवारचा चित्रकलेचा वर्ग सुरू झाला. शिकवणाऱ्या मॅडम आमच्या दोन गल्ल्या पलीकडं राहतात, मनपाच्या शाळेत शिक्षिका आहेत, रविवारी कॉलनीतल्या पोरांना फुकट शिकवतात. त्यांनी जाहीर केलं की दीड महिन्यानं पोरांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं. विषय: खोल समुद्रातले जीव आणि त्यांचं घर कसं वाचवायचं.

मी लेकीला सोडायला गेलो होतो. मला राहवलं नाही. म्हटलं, "मॅडम, नाशिकच्या पोरांना द्राक्षं द्या, डोंगर द्या. समुद्र कुठं आहे आपल्याकडं?"

"तुमच्या बिल्डिंगच्या मागं नाला आहे ना," मॅडम म्हणाल्या, "तिथून सुरू होतो."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मग त्यांनी मला पोरांच्या रांगेत उभं करून नकाशा दाखवला. आमच्या मागचा नाला नासर्डीला मिळतो, नासर्डी गोदावरीला, गोदावरी सायखेड्यावरून पुढं. आपल्याला जवळचा समुद्र घाटाखाली पश्चिमेला, पण आपलं पाणी त्याच्याकडं पाठ करून अख्खा देश ओलांडून पूर्वेच्या समुद्राला जातं. आणि पाण्याबरोबर नाल्यात टाकलेलं जे काही असेल तेही निघतं.

घरी येऊन मी हे आईला सांगितलं. माझी आई सायखेड्याची. माझे वडील गेल्यापासून आमच्याकडं असते. ती म्हणाली, "ह्ये सांगाया म्याडम कशाला लागती. पूर वसरला का आमच्या मळ्यातल्या बाभळींना कॅरीबॅगा लागायच्या. पानं कमी, पिशव्या लय. आमी म्हनायचो, नाशिकचं पीक आलं."

मॅडमनी नियमांचा एक कागद दिला होता. मी तो त्याच संध्याकाळी लॅमिनेट करून आणला आणि फ्रिजवर लावला. ही गोष्ट लक्षात ठेवावी.

त्यानंतर आमच्या घरात जेवताना दुसरा विषय राहिला नाही. लेक शाळेतून साडेपाचला येते, दप्तर टाकते आणि जेवायची वेळ होईपर्यंत कुठल्यातरी नव्या प्राण्याची ओळख करून घेते. एक दिवस पारदर्शक डोक्याचा मासा आला.

"डोकं काचेसारखं असतं," ती म्हणाली, "आतलं सगळं बाहेरून दिसतं."

"मंग लबाडी कशी करीत आसंल?" आईनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी अँगलर फिश आला. कपाळावर दांडी, दांडीच्या टोकाला दिवा. खाली कुट्ट अंधार असतो, सूर्य तिथं पोचतच नाही, म्हणून हा स्वतःचा उजेड घेऊन फिरतो. उजेड बघून छोटे मासे येतात आणि थेट तोंडात जातात.

"पण दिवा फक्त मादीला असतो," लेक सांगत होती. "नर एवढासा असतो, नखाएवढा. काही जातींत तो मादीच्या पोटाला चावून धरतो आणि तिथंच चिकटतो, कायमचा. मग तिच्याच रक्तावर जगतो. नंतर नंतर त्याचे डोळे पण जातात. गरजच उरत नाही ना."

बायकोनं माझ्या ताटात अर्धी भाकरी वाढली. "घ्या," ती म्हणाली, "खा तुम्ही."

चित्र तिनं अँगलरचंच काढायला घेतलं. पद्धत मॅडमनी शिकवलेली. जाड कागद आधी तेलखडूनं पूर्ण रंगवायचा, पिवळा, केशरी, मोरपंखी, कुठं पांढरा उरता कामा नये. त्यावर काळा पोस्टर कलर. रंग खडूच्या मेणावर धरावा म्हणून त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. वाळला की सगळा कागद काळा ठिक्कर. मग टोकदार वस्तूनं खरवडायचं, की काळ्यातून खालचा रंग पेटून उठतो. खोल समुद्रासाठी याहून चांगली युक्ती सापडणार नाही.

तीन आठवडे ती बसली. कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकानं आणि आईच्या केसांच्या पिनेनं एकेक खवला काढला. आम्ही दोघं नवरा-बायको स्वयंपाकघरातून चोरून बघायचो. आज सोडेल, उद्या सोडेल. मी तर कपाटावर खडूच्या पेटीपुरती जागाही करून ठेवली होती, इतका माझा विश्वास.

आणि एका मंगळवारी तिनं कोपऱ्यात सही केली.

"झालं?" बायकोनं विचारलं.

"झालं."

आमच्या घरात हा शब्द तिनं पहिल्यांदाच उच्चारला. चित्र टेबलावर उभं करून आम्ही चौघं समोर बसलो. पिवळा दिवा, त्याच्या उजेडात दातांची रांग, आणि दातांकडं मजेत निघालेले तीन छोटे मासे. लेक झोपायच्या आधी दोनदा पाणी प्यायला उठली. पाण्याचा माठ टेबलाशेजारी आहे.

आईनं कौतुकानं माशाच्या पाठीवर हात फिरवला आणि तिच्या बोटाला काळा रंग लागला. फारसा नाही, चिमूटभर. पण मी बघितला. बाहेर पाऊस. शनिवारी चित्र मॅडमकडं द्यायचं, म्हणजे मोटरसायकलवरून न्यायचं. रविवारी कॉलनीतली शंभर बोटं त्याला लागणार. माझ्या डोक्यात एकच विचार आला. माझ्या डोक्यात बहुतेक वेळा एकच येतो.

बुधवारी माझी पहिली पाळी. साडेतीनला सुटलो, घरी आलो. लेक शाळेत, बायको भाजीला, आई पडलेली. चित्र दोन पुठ्ठ्यांत घालून मी लॅमिनेशनच्या दुकानात हजर. त्या दुकानदाराची आणि माझी इतकी जुनी ओळख की मला बघितल्यावर तो विचारत नाही, मशीन सुरू करतो. त्या दिवशी मात्र त्यानं चित्र हातात घेऊन नखानं कड खरवडली.

"साहेब, आत मेणाचा खडू दिसतोय."

"वरून पोस्टर कलर आहे. पक्का वाळलाय."

"मशीन गरम असतं हो."

"मी मशीनच्या कारखान्यात काम करतो," मी म्हणालो. "मला नका सांगू."

मी कारखान्यात हातानं रेघा ओढतो. मशीनला माझा हातही लागत नाही. पण त्या क्षणी मी जणू मशीनांचा जनक होतो.

चित्र आत गेलं. दुसऱ्या बाजूनं आधी समुद्राची वरची कड आली, ती चांगली होती. मग दिवा आला. दिवा लांब झाला होता. पिवळा रंग खालच्या खालीच वितळून पसरला होता, काळा तडकला होता, बारीक रेघा मिटल्या होत्या. मग दात यायला हवे होते. ते आलेच नाहीत.

दुकानदारानं तो कागद उजेडासमोर धरला. "आत काय होतं?"

"मासा."

त्यानं कागद उलटा करून बघितला. "आता रस्सा दिसतोय," म्हणाला. मग आपण काय बोललो हे त्याला कळलं. त्यानं मला स्टुलावर बसवलं आणि चहा मागवला. माणूस चांगला आहे. चहाबरोबर त्यानं "मी सांगितलं होतं" असं म्हटलं नाही, हे त्याचे माझ्यावर उपकार.

घरी आल्यावर मी तो समुद्र डब्याच्या पिशवीत, डब्याच्या मागं ठेवला. साडेपाचला लेक आली. टेबलाकडं गेली.

"माझं चित्र कुठंय?"

"सुरक्षित आहे," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. जगात त्या घडीला त्याच्याइतकं सुरक्षित चित्र दुसरं नसेल.

बायको भाजी निवडत होती. तिनं मान वर केली. "अहो, लॅमिनेशन केलंत का?"

मी डब्याची पिशवी पायानं टेबलाखाली सरकवली.

"केलंत," ती म्हणाली.

लेकीनं पिशवीतून ते काढलं. ट्यूबलाइटखाली धरून या कडेपासून त्या कडेपर्यंत बघितलं. रडेल असं मला वाटलं होतं. रडली असती तर बरं झालं असतं, रडणाऱ्या माणसाला निदान पाणी तरी देता येतं.

"पप्पा, नियमात होतं. प्लॅस्टिक चालणार नाही."

"अगं, मी नियम वाचले नव्हते."

"फ्रिजवर आहेत. तुम्हीच लॅमिनेट करून लावलेत."

मी जाऊन वाचले. पहिलाच नियम. प्लॅस्टिक, थर्माकोल, चमकी वापरू नये. आपण समुद्र वाचवायला बसलो आहोत. महिनाभर मी दूध काढायला रोज तिथं उभा राहत होतो.

मागं आवाज आला. लेक स्टुलावर चढून खडूची पेटी कपाटावर ठेवत होती. वाजवायची पेटी, पिवळा पट्टा, माझी बासरी यांच्या रांगेत. जागा तयारच होती. मीच केलेली.

"मी नाही देणार आता," ती म्हणाली आणि अभ्यासाला बसली.

त्या संध्याकाळी कुणी मला बोललं नाही. बायकोनं भाकरी वाढताना टोमणा मारला नाही, तेव्हा मला प्रकरणाची खोली कळली. चित्र गेलं हे वाईटच. पण पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट पुरी केली होती आणि मी ती पुरी झालेली राहू दिली नव्हती. आता ही पुन्हा कशाला काही तडीस नेईल? शनिवारी संध्याकाळी मॅडम चित्रं गोळा करणार होत्या. मधे दोनच दिवस.

गुरुवारी पाळीवरून आलो आणि मी एक निर्णय घेतला. चित्र मी स्वतः काढायचं. पोरगी शाळेतून यायच्या आत. तिनं यावं, बघावं, आणि, पुढचं मी ठरवलं नव्हतं. कपाटावरून खडू काढले, कागद रंगवला, काळा फासला, पंख्याखाली वाळवला. कर्कटक घेतलं. हात बसेना, म्हणून आधी पट्टीनं मधोमध रेघ मारली. मग वरची बाजू आणि खालची बाजू सारखी यावी म्हणून मोजून खुणा केल्या. शेपटीला गुण्यानं काटकोन दिला. सवय, दुसरं काय.

आई येऊन मागं उभी राहिली. "वांगं का रं काढलं?"

"मासा आहे, आई."

"देठ हाय की."

"तो दिवा आहे."

तेवढ्यात लेक आली. तिनं दप्तर खांद्यावरच ठेवून बघितलं.

"हे काय?"

"अँगलर."

"मधे रेघ कशाला?"

"दोन्ही बाजू सारख्या यायला पाहिजेत ना."

"पप्पा, मासा आहे. बेअरिंग नाही."

तिला हसायचं नव्हतं. तिनं ओठ घट्ट धरले होते. पण आजी पदर तोंडाला लावून हलायला लागली, आणि मग तिलाही आवरलं नाही. दोघी माझ्या वांग्यासमोर उभ्या राहून हसल्या. मी मान खाली घालून बसून राहिलो, कारण चाललंय ते चांगलं चाललंय हे मला कळत होतं.

हसून झाल्यावर ती जवळ आली. "आणि रेघ बघा किती जाड आलीय. कर्कटकनं अशीच येते. माझ्या चित्रात पण दोन ठिकाणी कागद फाटला होता, तुम्हाला सांगितलं नाही. खवले मला केसाएवढे बारीक पाहिजे होते. नाही आले."

तेव्हा माझ्या डोक्यात दुसरा विचार आला. दोन दिवसांत दोन, हा माझा विक्रमच.

मी उठून कामाच्या पिशवीतून स्क्राइबर काढला. कारखान्यात लागलो तेव्हापासून तोच आहे. मधला भाग माझ्या बोटांनी गुळगुळीत झालाय. टोक इतकं तिखट की कागद सरळ कापेल. म्हणून मी दगडाची वडी काढली, दोन थेंब तेल टाकलं आणि टोक हळूहळू फिरवत मोडलं. बारीकच राहून, पण बोटाला टोचणार नाही इतकं गोल होईपर्यंत. इतकी वर्षं मी ते टोक फक्त तिखट करत आलो होतो.

"ह्यानं बघ," म्हटलं. "वांग्यावरच करून बघ."

तिनं काडी हातात घेतली. मी टेबल लॅम्प कडेला, अगदी खाली आणून ठेवला. आम्ही कारखान्यात ठेवतो तसाच, आडवा उजेड पडला की रेघ कुठं चाललीय ते दिसतं. तिनं काळ्यावर काडी ओढली. मागून केशरी रेघ निघाली, केसाएवढी. कागद जसाच्या तसा.

मी आजवर काय करत होतो ते मला तेव्हा दिसलं. रंग फासायचा, वाळवायचा, खरवडून खालचं उजळ काढायचं. फक्त माझ्याकडं कधी मासा निघाला नव्हता.

"पप्पा, तुम्ही रोज हेच करता?"

"हेच. निळ्यावर."

"मग सांगितलं नाही ते."

काय सांगणार. तिनं विचारलं नव्हतं, आणि मला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. तिनं तीच रेघ पुन्हा ओढायला काडी मागं नेली, तेव्हा मात्र मी तिचा हात धरला. "तिथं नाही. रेघ एकदाच ओढायची. चुकली तरी त्याच रेघेवर परत जायचं नाही. गेलं की दोन रेघा होतात, मग खरी कोणती ते कुणालाच कळत नाही. चुकलं तर रंग पुसायचा आणि नव्यानं सुरू करायचं."

तिनं काडी खाली ठेवली. बहुतेक मी रेघेबद्दल बोलत होतो आणि तिनं ते चित्राबद्दल घेतलं. म्हणाली, "मग मी तेच परत नाही काढणार. दुसरं काढते."

खडूची पेटी तिनं स्वतःकडं ओढली. बायको दारात उभी होती. ती परत आत गेली आणि तिनं चहा टाकला. माझाही टाकला.

शुक्रवारी मी मोडक्या टोकाचा स्क्राइबर घेऊन कामावर जाऊ शकलो नाही, कारण तो घरी होता. साठवणीतला एक जुना घेतला. त्याची रेघ बघून सुपरवायझर म्हणाले, "आज रेघ आहे का रस्ता?" मी म्हणालो, "रस्ताच आहे साहेब." त्यांनी ठोकळा परत रंगवायला लावला. रंगवला.

घरी काळा रंग वाळत नव्हता. हवा इतकी ओली की पंखाही नुसता ओलावा फिरवत होता. मी फक्त इस्त्रीकडं बघितलं. हात लावला नव्हता.

"या घरात आता कुणी काही गरम करायचं नाही," बायको म्हणाली.

शेवटी आईनं सुपानं वारा घातला. सायखेड्याला धान्य पाखडताना बसायची तशी मांडी घालून, तासभर. मधेच म्हणाली, "ह्या माश्यापायी मी म्हतारी कामाला लागली." पण सूप कुणाला दिलं नाही.

शनिवारी दुपारी शाळा सुटली तशी लेक टेबलाला बसली ती उठलीच नाही. मला बघायला बंदी होती. साडेसहाला तिनं चित्र जुन्या सुती साडीत गुंडाळलं आणि आजीला बरोबर घेऊन चालत नेऊन दिलं. मोटरसायकल नको म्हणाली. पप्पा पण नको म्हणाली.

रविवारी विहाराच्या हॉलमध्ये शिरलो तर आत अंधार. मॅडमनी सगळ्या खिडक्यांना चादरी आणि घोंगड्या लावल्या होत्या. सुतळीवर लाकडी चिमट्यांनी चित्रं टांगलेली. दारात एकेकाला हातात बॅटरी मिळायची. ज्यानं त्यानं आपला उजेड न्यायचा आणि शोधायचं. माणसं कुजबुजत फिरत होती, कुठं एक आठ हातांचं जांभळं काहीतरी चमकायचं, कुठं डोळे, कुठं काटे. एकानं समुद्रकाकडी काढली होती आणि शेजारी लिहिलं होतं, हिला कोशिंबीर समजू नये.

आईनं बॅटरी हातात घेतली ती सराईतासारखी. "राती पानी धराया जायचो, तवा अशीच आसायची," म्हणाली आणि आमच्या पुढं निघाली. नातीचं चित्र तिलाच सापडलं.

या वेळी मासा अख्खा नव्हताच. वरच्या कोपऱ्यात फक्त दिवा होता आणि चार दात. बाकी सगळा कागद काळा, आणि दिव्याचा उजेड खाली तळाला पडलेला. तळाशी केसाएवढ्या बारीक रेघांनी काढलेली एक कॅरीबॅग, तिच्यात राहायला आलेली कोळंबीची दोन पोरं, एक चपलेचा जोड नव्हे, एकच चप्पल. आणि चपलेशेजारी एक चौकोनी कार्ड, कडा गोल केलेल्या, पारदर्शक. कार्डावर एक चेहरा. मिशी. चष्मा.

आईनं बॅटरी त्याच्या अगदी जवळ नेली. मग माझ्या तोंडावर मारली. मग परत चित्रावर.

"तूच की रं," ती म्हणाली. "ह्यो तिथवर कसा गेला?"

"नाल्यातून, आजी," लेक म्हणाली. "लॅमिनेशन केलेलं होतं ना, म्हणून वाटेत काही झालं नाही त्याला."

अंधारात आजूबाजूला लोक हसले. सगळ्या बॅटऱ्या एकदम माझ्याकडं वळल्या आणि मी त्या छोट्या माशांसारखा मधोमध उभा. बायको सगळ्यात उशिरा हसायची थांबली. मी पुन्हा चित्राकडं वळलो. मिशीच्या दोन्ही बाजू अगदी सारख्या होत्या. तेवढं तिनं माझ्याकडून घेतलं होतं.

मॅडमना पहिल्या चित्राची हकीकत आजीकडून कळली होती. त्या म्हणाल्या, "ते लॅमिनेट झालेलंही आणा ना. शेजारी लावू. समुद्रात प्लॅस्टिक गेल्यावर काय होतं ते लोकांना दिसेल." मी लगेच तयार झालो. आता अब्रू अशीही पाण्याखालीच होती.

"नको मॅडम," लेक म्हणाली. "ते घरचंय."

ते घरीच आहे. आई त्यावर तांदूळ निवडते. म्हणते पाणी लागत नाही, धुवून घेता येतं, आणि पिवळ्यावर खडे चटकन दिसतात. फेकायचा विषय निघत नाही. ते कुठं जाईल हे आता घरातल्या सगळ्यांना माहीत आहे.

निघताना मॅडमनी पोरांना हातानं लिहिलेली प्रशस्तिपत्रकं दिली. साधा जाडसर कागद, कडेला समुद्री गवताची नक्षी. बायको आणि आई रिक्षानं गेल्या. लेक माझ्यामागं मोटरसायकलवर बसली. एका हातात कागद, दुसऱ्या हातानं माझा खांदा धरलेला. स्वतःच्या शर्टाच्या खिशात तिनं स्क्राइबर घातला होता. "तुमचं हे," म्हणून आधी तो माझ्यापुढं धरला होता. मी म्हटलं होतं, ठेव, टोक तर तुझंच झालंय.

पाऊस उघडला होता, पण ढग होतेच. कागद उघडा होता. वळणावर लॅमिनेशनचं दुकान आलं. रविवार असूनही अर्धं शटर वर होतं, आणि आमचा माणूस आत मशीन पुसत होता. त्यानं मला बघून हात केला.

"पप्पा," मागून आवाज आला, "गाडी थांबवायची नाही."

मी थांबवणार नव्हतोच. हळू केली होती, हे खरं आहे. पण तिथं स्पीडब्रेकर आहे. कुणीही जाऊन बघावं.